नियमांचा ढीग आणि भट्टीवाल्याची वही
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



जाणत्या माणसाचे ज्ञान संगणकात भरून त्याच्याकडून निर्णय घ्यायचे, याला तज्ज्ञ प्रणाली म्हणतात. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने १९८० पासून 'एक्सकॉन' नावाची अशी प्रणाली वापरली. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे संगणकाचे कोणते भाग, कोणत्या केबली लागतील, कुठे काय बसेल, हे ती ठरवी. "असे असेल तर तसे करा" या धर्तीचे तिचे नियम आरंभी ८०० च्या आत होते. १९८९ पर्यंत ते १०,००० च्या वर गेले. कंपनीने नवा माल काढला की नियम बदला. आणि एक हलवला की दुसरा कुठे अडेल याचा भरवसा नाही. जाणत्या माणसाचा भार हलका करायला आणलेल्या यंत्राच्या देखभालीलाच जाणती माणसे जुंपावी लागली!

दुसरी वाट कारखान्यातल्या कामगाराच्या रीतीतून निघाली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. कॅलिफोर्नियात लॉकहीड कंपनीत कंपोझिटचे सुटे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, तापवून पक्के करीत. कोणता भाग कुठे ठेवला तर नीट तापेल, याचे पक्के सूत्र कोणाजवळच नव्हते. चुकले तर महागडा माल भंगारात. तेव्हा भट्टीवाले काय करीत? आधी साधलेल्या मांडणीची चित्रे जपून ठेवीत आणि नव्या खेपेला त्यांतले जवळचे काढून बघत. १९९० मध्ये तिथे सुरू झालेल्या 'क्लेव्हियर' प्रणालीने हीच रीत उचलली. आरंभ अवघ्या २० मांडण्यांवर झाला. जुने उदाहरण शोधायचे, लागेल तेवढा फेरफार करायचा, माल कसा निघाला ते नोंदवायचे. तीच नोंद पुढच्या खेपेचे उदाहरण. नवी नोंद घालताना जुन्या उसवाव्या लागत नाहीत. देखभाल सोपी होते ती इथे.

पण हुरळून जाऊ नका. नोंदींचाही ढीग होतो. भट्टी बदलली, माल बदलला, की जुने उदाहरण चकवते. ते कधी काढायचे हे पाळीवर उभा असलेलाच ओळखतो. शिवाय बिघडलेली खेपही नोंदवावी लागते. नोंदवणाऱ्याच्या हातात मेमो पडणार असेल तर कोण नोंदवील?

आपल्याकडे असा प्रस्ताव आला की व्यवस्थापन म्हणेल, "फक्त वहीतले संगणकात भरा." त्या 'फक्त'मध्ये वीस-वीस वर्षांचे कसब आहे. म्हणून करारासाठी तीन कलमे सुचवतो : नोंदीचा वेळ कामाच्या तासांत धरावा, नोंदीवरून शिस्तभंगाची कारवाई नसावी, कोणती नोंद ठेवायची, कोणती काढायची हे ठरवताना पाळीचे प्रतिनिधी असावेत. तिसऱ्या कलमावर आपल्यातच दोन मते आहेत. त्यावर आता तुम्ही बोला.