भग्न इंजिनाची साक्ष

(वाराणसी येथील व्याख्यानाची संहिता)



वाराणसी नगरीपासून सुमारे दहा किलोमीटर अंतरावर सारनाथ आहे. १९०४-०५ च्या हिवाळ्यात तेथे फ्रेडरिक ऑस्कर ओर्टेल यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. ओर्टेल हे व्यवसायाने सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंते. पुढे स्वतंत्र भारताने राजमुद्रा म्हणून स्वीकारलेले अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष याच उत्खननात मिळाले. मात्र सिंहांच्या माथ्यावर जे मोठे धर्मचक्र होते, त्याचे काही तुकडेच हाती आले. त्या तुकड्यांवरून मूळ चक्राला बत्तीस आरे असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. अखंड वस्तू डोळ्यांसमोर नसताना तिचे रूप कसे जाणावे, याचा हा वस्तुपाठच होय. आजचा विषय याच जातीचा आहे. फरक इतकाच की, येथे दगडाऐवजी धातू आहे आणि काळ आहे तो दुसऱ्या महायुद्धाचा. कोसळलेल्या विमानाच्या उरल्यासुरल्या भागांवरून त्याचे इंजिन कसे ओळखतात, हे आज पाहावयाचे आहे.

हा प्रश्न भारताला परका नाही. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला. तेव्हा आसामातील विमानतळांवरून हिमालयाच्या पूर्व रांगा ओलांडून चीनमधील कुन्मिंगपर्यंत हवाई वाहतूक सुरू झाली. वैमानिकांनी या मार्गाला ‘हम्प’, म्हणजे उंटाचे मदार, असे नाव दिले. युद्ध संपेपर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन सामग्री वाहून नेण्यात आली आणि त्यापायी शेकडो विमाने नष्ट झाली. त्यांपैकी कित्येक आजच्या अरुणाचल प्रदेशातील डोंगरदऱ्यांत पडली. विमानाचा पत्रा पातळ असतो. तो चेचला जातो, ओढ्यांच्या पुरात वाहून जातो, कधी माणसांच्या उपयोगी पडतो. इंजिन मात्र अर्ध्या टनाहून अधिक वजनाचे. ते सहसा कोणी उचलून नेत नाही. म्हणून अनेक ठिकाणी शेवटचा साक्षीदार म्हणून तेच उरते.

या साक्षीदाराची उलटतपासणी क्रमाने करावी लागते. पहिला प्रश्न सिलिंडरांच्या मांडणीचा. स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनात बारा सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे दोन ओळींत बसवलेले असत आणि ते द्रवाने थंड ठेवले जात. मोठ्या अमेरिकी वाहतूक व बाँबफेकी विमानांची इंजिने मात्र हवेने थंड होणारी. त्यांचे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्यभागाभोवती मांडलेले असत आणि प्रत्येक सिलिंडरावर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ कड्यांची दाट रांग असे. अशी एक कडेदार नळी जरी सापडली, तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

दुसरा प्रश्न सिलिंडरांच्या संख्येचा. सगळे सिलिंडर जागेवर असतीलच असे नाही. परंतु ते ज्या मध्यकवचावर बसतात त्याची भोके मोजता येतात. कवचही फुटले असेल, तर आतील मुख्य दांडा पाहावा. अशा इंजिनाच्या प्रत्येक रांगेत एका पिस्टनचा दांडा मुख्य असतो आणि बाकीच्या पिस्टनांचे दांडे त्यालाच जोडलेले असतात. मुख्य दांड्यावर जोडणीची सहा भोके असली, तर त्या रांगेत सात सिलिंडर होते. आठ भोके असली, तर नऊ. सात-सातच्या दोन रांगा म्हणजे चौदा, नऊ-नऊच्या दोन म्हणजे अठरा. या मार्गावरील सी-४६ कमांडो या वाहतूक विमानाच्या इंजिनांना अठरा सिलिंडर असत, तर सी-४७ डाकोटा आणि बी-२४ लिबरेटर यांच्या इंजिनांना चौदा.

परंतु चौदा म्हटल्याने काम भागत नाही, कारण बी-२५ मिचेल या विमानाच्या राइट कंपनीच्या इंजिनालाही चौदाच सिलिंडर होते. येथे शाळेतील गणित कामी येते. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी पाठ केलेले असते: त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले उंची. डाकोटा आणि लिबरेटर यांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाच्या सिलिंडराचा आतील व्यास ५.५ इंच आणि पिस्टनची धावही ५.५ इंच. एका सिलिंडराचे घनफळ होते सुमारे १३०.७ घन इंच. त्यास चौदाने गुणले की उत्तर येते जवळजवळ १८३०. या इंजिनाचे अधिकृत नावच आर-१८३० असे आहे. राइट इंजिनाचा व्यास ६.१२५ इंच आणि धाव ६.३१२५ इंच. तेथे गुणाकार २६०० च्या किंचित पुढे जातो आणि नाव आहे आर-२६००. म्हणजे नावाची पट्टी गंजून गेली असली, तरी नाव यंत्राच्या पोटातच लिहिलेले असते. ते वाचण्यासाठी मोजपट्टी आणि सातवी-आठवीचे गणित पुरते.

तिसरा प्रश्न झडपांचा. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचे हर्क्युलस इंजिनही चौदा सिलिंडरांचे. परंतु त्यात नेहमीच्या झडपाच नाहीत. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामध्ये सरकणारी एक नळी असते आणि तिच्या छिद्रांतून वायूची ये-जा होते. सिलिंडराच्या माथ्यावर झडपांची यंत्रणा असेल, तर हर्क्युलस यादीतून बाद होते. एकेक शक्यता अशी पुराव्याने दूर सारावी लागते.

मग नावाची पट्टी सापडली तर काम सोपे होते का? तेथेही सावधगिरी हवी. युद्धकाळात मागणी इतकी वाढली की, प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने ब्युइक आणि शेव्हरोले या मोटारींच्या कारखान्यांतही तयार होऊ लागली आणि मर्लिन इंजिने अमेरिकेत पॅकार्डने बनवली. जंगलातील पट्टीवर मोटारीच्या कंपनीचे नाव दिसले म्हणून ते मोटारीचे इंजिन ठरत नाही. शिवाय आर-१८३० हे इंजिन सापडले, तरी विमान डाकोटा की लिबरेटर हे त्याने ठरत नाही. त्यासाठी आजूबाजूचा शोध घ्यावा लागतो. उंचावरील विरळ हवेसाठी लिबरेटरच्या इंजिनांना एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा टर्बो-सुपरचार्जर जोडलेला असे. डाकोटाला तो नसे.

याच लिबरेटरांचा एक अध्याय वाराणसीहून फार दूर नाही. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूर येथे निकामी करून टाकून दिलेली लिबरेटर विमाने भारताने मोडीत काढली नाहीत. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांपैकी तीन डझनांहून अधिक विमाने पुन्हा उडण्याजोगी केली. हा कारखाना १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे सुपुत्र. युद्धकाळात याच कारखान्यात अमेरिकी विमानांची आणि इंजिनांची दुरुस्ती होत असे. तेथे सरावलेले हात कानपूरच्या कामी आले. कोणता भाग कोणत्या यंत्राचा, हे ओळखता आल्याशिवाय मोडक्या विमानांतून सबळ विमान उभे राहत नाही. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही विमाने कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांचे पहिले पथक सिद्ध झाले. पुढे दुसरे पथक पुण्यात होते. १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली. त्यांतील एक विमान आज लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात आहे.

कानपुरात ओळख पटल्याने यंत्र पुन्हा उभे राहिले. डोंगरातील अवशेषांची ओळख पटल्याने काय साधते? त्याचे उत्तर कागदांत आहे. १९४३ पासून अमेरिकी हवाई दल प्रत्येक बेपत्ता विमानाचा अहवाल तयार करत असे. त्यात वैमानिक व सहकाऱ्यांच्या नावांबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनांचे क्रमांकही नोंदले जात. म्हणून गंजलेल्या कवचावर वाचता आलेला एक क्रमांक थेट माणसांच्या नावांपर्यंत पोहोचवू शकतो.

२५ जानेवारी १९४४ रोजी ‘हॉट ॲज हेल’ नावाचे लिबरेटर विमान कुन्मिंगहून आसामातील छबुआकडे निघाले. त्यात आठ जण होते. ते पोहोचलेच नाही. २००६ मध्ये अमेरिकी शोधक क्लेटन कुल्स स्थानिकांच्या साहाय्याने अरुणाचलातील त्याच्या अवशेषांपर्यंत गेले. एप्रिल २०१६ मध्ये भारतातून काही अस्थी सन्मानपूर्वक अमेरिकेस रवाना झाल्या. शास्त्रीय परीक्षणानंतर २०१७ मध्ये लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि त्याच वर्षी जूनमध्ये जॉर्जिया राज्यातील त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले. ‘बेपत्ता’ हा शब्द पुसायला त्र्याहत्तर वर्षे लागली. मुलाची वाट पाहणारे आईवडील तोवर हयात असणे शक्य नव्हते. तरीही कुटुंबाच्या पुढच्या पिढ्यांना निश्चित उत्तर मिळाले.

या सर्व प्रक्रियेत एक शिस्त आहे आणि ती अभियंत्यांपुरती मर्यादित नाही. सिलिंडर सांगतो तो इंजिनाचा प्रकार. त्यावरून विमान ठरत नाही. जोडलेली यंत्रणा विमानाचा प्रकार सांगते. नेमके विमान सांगत नाही. क्रमांक आठ नावांपर्यंत नेतो. परंतु कोणती अस्थी कोणाची, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय दुरुस्तीत इंजिने एका विमानातून दुसऱ्यात जात, म्हणून तो क्रमांकही इतर पुराव्यांशी जुळवावा लागतो. प्रत्येक पुरावा आपल्या पायरीपुरताच बोलतो. त्याच्याकडून अधिक वदवून घेण्याचा मोह मोठा असतो, कारण समोर वाट पाहणारे कुटुंब असते. पण चुकीचे नाव हे मौनापेक्षा अधिक क्रूर ठरते.

साठ वर्षे ज्या शाळेने मुलांना मोजायला, पडताळायला आणि मगच लिहायला शिकवले, तिला ही गोष्ट नवी वाटणार नाही. उत्तराआधी रीत मांडा, असे गणिताचे गुरुजी वर्गात सांगत आले. ती रीत म्हणजे केवळ गुण मिळवण्याचा मार्ग नव्हे. कोणाच्या तरी घरी पोहोचणारा शब्द खरा असावा, याची ती हमी असते.