निवड चाचणीला जाताना

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना 1959 सालची. रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष, वामन केंद्रे ही आपली माणसं तिथेच शिकली. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी हवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही. आधी प्राथमिक चाचणी, मग निवडक मुलांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा.

आपली मुलं अडतात ती चाचणीत सादर करायच्या उताऱ्याच्या निवडीपाशी. विशीतला मुलगा थेट ‘नटसम्राट’मधल्या म्हाताऱ्या नटाचं स्वगत घेतो. आवाज चढतो, पण वय दिसत नाही. त्यापेक्षा आपल्या वयाची भूमिका घ्यावी. विद्यालयाने उताऱ्यांची यादी दिली असेल तर अर्थातच त्यातूनच. मोहन राकेश यांच्या ‘आषाढ का एक दिन’मधली मल्लिका पाहा. पहिल्याच प्रवेशात ती पावसात चिंब भिजून घरी येते. आई अंबिका सुपात धान्य पाखडते आहे, मुलीवर रागावलेली, गप्प. त्या गप्प आईला काहीतरी सांगायचंय, हे मनात पक्कं असलं की बोलणं आपोआप खरं होतं. नुसतं पाठांतर इथे उपयोगाचं नाही. उतारा नाटकातला असेल, तर अख्खं नाटक वाचलेलंच हवं!

परीक्षक मधेच थांबवून तेच वाक्य वेगळ्या तऱ्हेने म्हणायला सांगतात. तेव्हा गडबडू नका. सांगितलेलं ऐकून तुम्ही बदलता का, हे त्यांना पाहायचं असतं. हिंदी उच्चारांचा सराव मात्र आजपासूनच करा, आणि अर्जाची मुदत विद्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्या.