हल्कचं वाळवंट आणि आपली पिंपरी

हा एपिसोड ऐकताना तुम्ही बहुतेक चाकणच्या तळेगाव चौकात, नाहीतर नाशिक फाट्याला अडकलेले असाल. म्हणजे आपल्याकडे वेळ आहे. तर आज एका अशा गावाबद्दल बोलू जे नकाशात कुठेच नाही.

मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये ब्रूस बॅनरच्या, म्हणजे आपल्या हल्कच्या, शिक्षणात एक नाव येतं: डेझर्ट स्टेट युनिव्हर्सिटी, नवापो, न्यू मेक्सिको. नाव ऐकून मला आधी नंदुरबारचं नवापूर आठवलं! हे नवापो मात्र पूर्ण काल्पनिक. वाळवंटात एक विद्यापीठ, तिथे एक हुशार पोरगा फिजिक्स शिकतो, आणि पुढे त्याच राज्याच्या वाळवंटात गॅमा बॉम्बच्या चाचणीत त्याचा हल्क होतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हल्कचा पहिला अंक काढला १९६२ मध्ये.

आता प्रश्न असा, की न्यू मेक्सिकोच का? कारण तिथे खरंच असं एक गाव होतं. लॉस अलामोस. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब बनवायला वसवलेलं. प्रयोगशाळा चालवायची जबाबदारी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे. देशभरातून तरुण शास्त्रज्ञ आणलेले, आणि सगळ्या गावाला पत्ता एकच: पोस्ट बॉक्स १६६३, सांता फे. १६ जुलै १९४५ ला पहाटे त्याच राज्यात पहिली अणुचाचणी झाली, ट्रिनिटी. म्हणजे कॉमिक्सवाल्यांनी हवेतून काही काढलं नाही. जमिनीत होतं तेच घेतलं आणि वर खोटं नाव लावलं.

खोट्या नावाचा फायदा मोठा असतो. गाव उडवा, विद्यापीठ पाडा, कुणी नोटीस पाठवत नाही. पण एक तोटाही आहे, आणि मला आज तोच सांगायचाय.

कॉमिक्समधलं वाळवंट रिकामं असतं. गॅमा बॉम्बच्या जागी एक पोरगा गाडी घेऊन घुसतो, रिक जोन्स. बॅनर त्याला खंदकात ढकलतो आणि स्वतः किरणांत सापडतो. बस, तेवढाच एक माणूस वाचवायचा होता! खऱ्या वाळवंटात तसं नव्हतं. ट्रिनिटीच्या आसपास गावं होती, गुरं होती, पावसाचं पाणी साठवून पिणारी कुटुंबं होती. त्यांना आधी कुणी काही सांगितलं नाही. राख त्यांच्या अंगणात पडली. किरणोत्सर्गाच्या भरपाईचा अमेरिकन कायदा आला १९९० मध्ये, आणि त्यात या लोकांचा समावेश झाला २०२५ मध्ये. ऐंशी वर्षांनी. आणि लॉस अलामोसही रिकाम्या जागी उभं राहिलं नव्हतं. तिथली एक शाळा आणि शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या होत्या.

आता आपल्याकडे या.

समजा, आपल्या पट्ट्यात सुपरहिरोचं गाव वसवायचंय. मालमसाला कमी नाही. चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाईस्तेखानाची फौज जवळजवळ दोन महिने तिथे अडवून धरली. आज त्याच्या आजूबाजूने कंटेनर जातात.

आणि विज्ञान म्हणाल तर पिंपरीत एच.ए. कंपनी आहे, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने देशात पेनिसिलिन बनवायला उभी केलेली. तिथल्या शास्त्रज्ञांना इथल्या मातीत एक जिवाणू सापडला, आणि त्यापासून १९६१ मध्ये बुरशीवरचं औषध निघालं. औषधाचं नाव हॅमायसिन, त्यातलं सुरुवातीचं 'हॅ' म्हणजे आपली एच.ए. आणि जिवाणूचं नाव? स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! पुढच्याच वर्षी तिकडे बॉम्बमधून हल्क निघाला. आपल्याकडे मातीतून औषध निघालं होतं. ओरिजिन स्टोरी म्हणून मी तर आपलीच घेईन.

पण गाव काढताना आपणही तीच चूक करू शकतो. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे सवयच असते, प्रोजेक्ट शून्यापासून सुरू झाला असं समजायची. 'आधी इथे काही नव्हतं, नुसतं माळरान होतं', हे वाक्य आपल्या सोसायट्यांमध्ये किती वेळा ऐकलंय? काही नव्हतं कसं? निगडी, आकुर्डी, भोसरी ही गावं होती, शेतं होती. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, जमिनी घेतल्या गेल्या, आणि साडेबारा टक्के परतावा हे शब्द इथल्या शेतकरी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांना पाठ झाले. आपण ज्याला नुसतं 'प्राधिकरण' म्हणतो, त्याच्या खाली कुणाचा तरी सातबारा आहे.

म्हणून आपल्या काल्पनिक गावासाठी माझी एकच अट. नाव खोटं ठेवा, पवनापूर म्हणा, इंद्रानगर म्हणा. पण जागा रिकामी दाखवू नका. हिरो कंपनीच्या छतावर उभा राहील तेव्हा ती कंपनी कुणाच्या बांधावर उभी आहे, हे त्याला ठाऊक असू दे. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला थेट फुरसुंगीचा केला, खऱ्या गावाचा. तो पोरगा आजही खरा वाटतो, त्यात फुरसुंगीचा वाटा आहेच.

तर या आठवड्याचा होमवर्क. तुमची सोसायटी किंवा तुमचं कॉलेज उभं राहायच्या आधी तिथे काय होतं, हे परिसरातल्या एखाद्या जुन्या आजोबांना किंवा आजींना विचारा. विहीर होती? ज्वारी होती? कुणाची होती? एक मिनिटाचा व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यावरूनच पवनापूरचा नकाशा काढायला घेऊ.

चला, सिग्नल सुटला असेल. भेटू!