गावाचा पडदा आणि कायद्याची वाट

पनवेल-रोहा लोहमार्गावर नागोठणे मागे पडले की निडी हे लहानसे स्थानक लागते; त्यापुढचे स्थानक रोह्याचे. कोकणातील अशा गावांतून राहणाऱ्या माणसाला एके काळी चित्रपट पाहावयाचा म्हणजे तालुक्याचे गाव गाठावे लागे. आज तोच चित्रपट त्याच्या खिशातील मोबाइलवर येऊन ठेपला आहे. गाणी, मालिका, जुनी नाटके हे सारे इंटरनेटच्या मार्गाने घरात येते. परंतु घरात आलेली प्रत्येक वस्तू हक्काने आलेली असतेच असे नाही. एखाद्याने पेन ड्राइव्हवर नवा चित्रपट भरून दिला, कोणी मोबाइलच्या कार्डात पाचशे गाणी घालून दिली, तर घेणाऱ्याला त्यात गैर काही वाटत नाही. देणाऱ्यालाही बहुधा वाटत नाही. म्हणूनच हा विषय ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, शिक्षकांनी आणि ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

साच्याचा मालक कोण?

स्वामित्वहक्क म्हणजे काय, हे समजण्यासाठी याच जिल्ह्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील गणेशमूर्तींचा व्यवसाय सर्वश्रुत आहे. समजा, एखाद्या मूर्तिकाराने महिनोन्‌महिने खपून नवी मूर्ती घडविली व तिचा साचा तयार केला. दुसऱ्या कोणी त्याच्याकडून एकच मूर्ती विकत घेतली, तिच्यावरून साचा काढला आणि शेकडो मूर्ती बाजारात आणल्या, तर पहिल्या मूर्तिकाराच्या पोटावर पाय आला असेच सारे म्हणतील. मूर्ती विकत घेणाऱ्याची मालकी त्या एका मूर्तीपुरती असते. घडणीवर त्याचा हक्क पोचत नाही. चित्रपट व गाणी यांचेही तसेच आहे. साचा डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

या न दिसणाऱ्या साच्याचे रक्षण कॉपीराइट अधिनियम, १९५७ हा कायदा करतो. २०१२ साली या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी लिहिलेले गीत किंवा दिलेले संगीत चित्रपटगृहाबाहेर अन्य मार्गांनी वापरले गेले, तर त्या मोबदल्यात गीतकार व संगीतकार यांना समान वाटा मिळावा आणि हा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद तीमुळे झाली. राज्यसभेत कवी जावेद अख्तर यांनी या तरतुदीचा हिरिरीने पुरस्कार केला होता. अधिकृत मार्गाने ऐकलेल्या गाण्यामागे अल्प का होईना, मोबदल्याची नोंद होते. कार्डात भरून घेतलेल्या गाण्यामागे कसलीच नोंद होत नाही.

कायद्याचा भंग जाणूनबुजून करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. भंग व्यापारी लाभासाठी नसेल, तर कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. २०२३ मध्ये चलच्चित्र अधिनियमातही दुरुस्ती झाली असून चित्रपटाचे चोरून चित्रण करणे वा तशी प्रत नफ्यासाठी लोकांस दाखविणे यासाठी किमान तीन महिने कारावास व किमान तीन लाख रुपये दंड ठेवण्यात आला आहे.

शाळा आणि चावडी

कायदा केवळ मनाई करीत नाही. तो वाटही मोकळी ठेवतो. कलम ५२ मध्ये अनेक सवलती आहेत व त्यांतील दोन गावाच्या नित्याच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली सवलत शाळेची. शाळेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून चित्रपट वा ध्वनिमुद्रण दाखविता-ऐकविता येते. मात्र प्रेक्षक हे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असावे लागतात. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला 'श्यामची आई' हा १९५३ चा चित्रपट शाळेने आपल्या मुलांना व त्यांच्या आयांना दाखविला, तर ते या सवलतीत बसते. तोच चित्रपट पटांगणात साऱ्या पंचक्रोशीला दाखविला, तर ही सवलत उरत नाही. दाखवावयाची प्रत अधिकृत ठिकाणाहून घेतलेली असावी, हे मुख्याध्यापकांनी आवर्जून पाहावे.

दुसरी सवलत समारंभाची. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत तसेच केंद्र शासन, राज्य शासन वा स्थानिक संस्था यांच्या अधिकृत समारंभात गीत-संगीत सादर करणे किंवा ध्वनिमुद्रित गाणे वाजविणे हा भंग मानला जात नाही. लग्नाची वरात व विवाहाशी निगडित सामाजिक सोहळे यांचा समावेश धार्मिक विधीत केला आहे. म्हणून ग्रामपंचायतीच्या ध्वजवंदनाच्या समारंभात गीत लावण्यास हरकत नाही. परंतु ही सवलत चित्रपटाला लागू नाही, हे विसरता कामा नये. चावडीसमोर पडदा बांधून चित्रपट दाखवावयाचा असेल, तर तिकीट असो वा नसो, हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. घरगुती वर्गणी भरून घेतलेली ऑनलाइन सेवा बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार कुटुंबाच्या खाजगी वापरापुरतीच असते. ती चावडीवर लावणे हा त्या अटींचा भंग ठरतो. परवानगीच्या पत्रात चित्रपटाचे नाव, दिनांक, स्थळ, अंदाजे प्रेक्षकसंख्या व कार्यक्रम विनामूल्य आहे की नाही हे लिहावे आणि आलेले उत्तर दप्तरी ठेवावे.

मुदत संपलेल्या कलाकृती

स्वामित्वहक्क कायमचा नसतो. लेखक, कवी व संगीतकार यांच्या कृतींना त्यांच्या हयातीनंतर साठ वर्षे आणि चित्रपट व ध्वनिमुद्रण यांना प्रकाशनानंतर साठ वर्षे संरक्षण असते. ही मुदत पुढील वर्षाच्या प्रारंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांचे लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांसाठी खुले झाले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा आणि फाळके १९४४ साली वारले. त्या चित्रपटाबाबत मुदतीचा प्रश्नच उरत नाही. तथापि येथे एक गाठ आहे. चित्रपटाची मुदत संपली तरी त्यातील संवाद, गीते व संगीत यांची मुदत त्यांच्या कर्त्यांच्या निधनापासून वेगळी मोजली जाते. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. 'श्यामची आई' चित्रपटाची स्वतःची मुदत २०१३ अखेर संपली असली, तरी त्यांच्या लेखनाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. जुना चित्रपट म्हणजे मोकळा चित्रपट, असे समजून चालणे धोक्याचे आहे.

अधिकृत वाटा कोणत्या?

खर्चाची अडचण पुढे केली जाते, ती नेहमीच खरी नसते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' ही सेवा सुरू केली. तीवर दूरदर्शन व आकाशवाणीचे कार्यक्रम मिळतात. प्रसार भारतीच्या संग्रहातील जुन्या मैफली व मुलाखती यूट्यूबवर त्यांच्या स्वतःच्या वाहिनीवर आहेत. सह्याद्री वाहिनीचे कार्यक्रमही तेथे आहेत. आकाशवाणीची केंद्रे 'न्यूजऑनएअर' या ॲपवर ऐकता येतात. चित्रपट व गाणी यांच्या हक्कधारक कंपन्या आपल्या वाहिन्यांवरून अनेक मराठी कृती जाहिरातींसह विनामूल्य दाखवितात. स्पॉटिफायसारख्या सेवेवर जाहिराती ऐकण्याची तयारी असेल, तर गाण्यासाठी पैसे पडत नाहीत. जेथे मोबाइलचे जाळे दुबळे आहे, तेथे डीडी फ्री डिश उपयोगी पडते. तबकडी व संच यांचा खर्च एकदाच होतो, मासिक शुल्क नाही.

सोयीची अधिकृत वाट मिळाली की लोक तीवरून चालतात, असा जगाचाही अनुभव आहे. अमेरिकेत १९९९ साली निघालेल्या नॅपस्टरवरून गाण्यांची फुकट देवघेव चाले. न्यायालयीन लढ्यानंतर २००१ साली ती थांबली. २००३ साली ॲपलने एक गाणे ९९ सेंटला विकण्यास आरंभ केला आणि लाखो गाणी विकली गेली. मनाईला पर्यायाची जोड मिळाली.

फुकटाचे मोल

अनधिकृत वाटेचा तोटा केवळ कलावंताला होत नाही. काल प्रदर्शित झालेला चित्रपट आज फुकट देऊ करणारे अनोळखी ॲप संदेशाच्या दुव्यावरून मोबाइलमध्ये उतरविले, तर त्याबरोबर बँकेचे संदेश वाचणारा चोरही आत येऊ शकतो. ज्या मोबाइलवर भातविक्रीचे पैसे, शिष्यवृत्ती वा निवृत्तिवेतन येते, त्याच मोबाइलवर हा खेळ चालतो, याचा विचार व्हावा. ॲप अधिकृत दुकानातूनच घ्यावे, प्रकाशकाचे नाव पाहावे, चित्रपटासाठी ओटीपी मागणाऱ्याला तो देऊ नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

ग्रामसभेने एखाद्या बैठकीत हा विषय घ्यावा, शाळेने अधिकृत वाहिन्यांची यादी फलकावर लावावी आणि गावातील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराला प्रथम समजावून सांगावे. धाकापेक्षा समजुतीने हे काम लवकर होईल. ज्या गावातील मुले उद्या गीत लिहितील, ढोलकी वाजवतील वा चित्रपट काढतील, त्या गावाने दुसऱ्याच्या साच्याचा मान आज राखला, तर उद्या स्वतःच्या साच्यासाठी मान मागण्याचा अधिकार त्याला राहील.