मिरजेचे तीन रूळ



मुरगुडास रेल्वे नाही. गाडी धरायची तर कोल्हापूर गाठावे लागते. अशा गावात युनियनचा माणूस छोट्या आगगाड्यांवर बोलायला उभा राहतो, याचे ज्यांना हसू येत असेल त्यांनी खुशाल हसावे. आमच्या निवृत्त रेल्वे कामगारांनी वर्गणी काढून मिरज जंक्शनची प्रतिकृती करायचे ठरविले, आणि पहिलाच प्रश्न आडवा आला : माप कोणते घ्यावे?

मिरज-कोल्हापूर मीटरगेज १८९१ साली सुरू झाली. १९२७ साली पंढरपूरकडून बार्शी लाईटची अडीच फुटी गाडी मिरजेला पोचली. कोल्हापूरचा मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला, आणि पुढे काही वर्षे तिन्ही रूळ एकाच जंक्शनात नांदले. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळावर जात नाही; पोते मात्र हमालाच्या पाठीवरून जाते. ती पाठ दाखवायची असेल तर तिन्ही रूळ निरनिराळे दिसलेच पाहिजेत.

जागा आमच्यापाशी एका खोलीची. कुणी म्हणाले, एन माप घ्या, १६० ला १. एकवीस मीटरचा डबा १३ सेंटिमीटरांत बसतो. खरे आहे. पण बार्शीचा रूळ त्यात पावणेपाच मिलिमीटरचा होतो. त्यावर चालेल असे तयार इंजीन आम्हांस मिळाले नाही. ओ मापात इंजिने देखणी, पण डबा अर्ध्या मीटरचा. दहा डबे जोडले की भिंत आली!

राहिले एचओ, ८७ ला १. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, तेही याच मापाचे. यात मीटरगेज साडेअकरा मिलिमीटर आणि बार्शी पावणेनऊ भरते. बाजारात १२ आणि ९ चे रूळ तयार मिळतात. शिवाय ९ हाच एन मापाचा रूळ. तेव्हा एनच्या इंजिनाचा चाके-मोटारीसकट सांगाडा घ्यावा आणि त्यावर बार्शीच्या इंजिनाचे पितळी पत्र्याचे अंग चढवावे. आमचे काम इथे सुटले.

खोट राहिली ती ब्रॉडगेजमध्ये. हिशेबाने रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचा हवा. तयार मिळतो साडेसोळाचा. आमचे फिटरमामा संतापले. म्हणाले, "आयुष्यभर गेज तपासली, आणि आता पावणेतीन मिलिमीटरची लबाडी करू?" त्यांचे खोटे नव्हते. पण खरा रूळ घातला तर प्रत्येक इंजिनाची, प्रत्येक वाघिणीची चाके नव्याने करावी लागतील, आणि पैसा पेन्शनीचा. आम्ही साडेसोळाच्या बाजूने हात वर केला. मामांनी केला नाही. बार्शीचे इंजीन मात्र तेच घडवीत आहेत.

माणसांच्या तयार आकृत्याही मागविल्या होत्या. हातात बॅग घेतलेले टोपीवाले युरोपी प्रवासी आले. पाठीवर पोते घेतलेला हमाल आम्हांलाच करावा लागणार. या मापात तो पुरता दोन सेंटिमीटरही भरत नाही.