संगणक रुसला तर



दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून राहत आलेल्या आपल्या कुटुंबांच्या वंशावळींची छायाचित्रे आम्ही मंडळाच्या लिनक्स संगणकात साठविली आहेत. मूळ कागदांपैकी कित्येक आता वाळवीने खाल्ले. एके सायंकाळी तो संगणक रुसला. परवलीचा शब्द तो स्वीकारी, क्षणभर पडदा काळा होई आणि पुन्हा प्रवेशाचेच दार पुढे येई. “सारे पुसून नव्याने बसवा,” असा सल्ला मिळाला. तो मानला असता, तर पिढ्यांचे संचित गंगार्पण झाले असते!

आम्ही कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या. केवळ अक्षरांचा पडदा उघडला. तेथे प्रवेश मिळाला. ‘डीएफ -एच’ ही आज्ञा देताच उलगडा झाला : तबकडी १०० टक्के भरली होती. लिहावयास जागाच नसल्याने चित्रमय पडदा उभा राहत नव्हता. पेनड्राइव्हवरून दुसरी लिनक्स चालवून आम्ही प्रथम सर्व छायाचित्रांची नक्कल बाहेरच्या तबकडीवर घेतली. मगच जुन्या नोंदी व निरुपयोगी साठा काढला. संगणक पूर्ववत झाला.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तरी घाबरू नये. मजकूर बहुधा शाबूत असतो. देवनागरी टंक तेवढा नसतो. ‘लोहित देवनागरी’सारखा टंक बसविताच अक्षरे उमटतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली आपल्या चुका नोंदवून ठेवते. त्या नोंदी वाचाव्या, एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याआधी नक्कल घ्यावी. आपल्या पूर्वजांनी पोथ्या हाताने उतरविल्या, त्या याच बुद्धीने.