एका घड्याळजीचे पुण्यस्मरण



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी धर्मगुरूंचे, धर्मभगिनींचे व दानशूर गृहस्थांचे गुणगान झाले, ते सर्वथा उचितच होय. परंतु प्रत्येक देवमंदिर ज्यांच्या हातांनी उभे राहते, त्या सुतार, गवंडी, लोहार व शिंपी यांची नावे कोनशिलेवर सहसा आढळत नाहीत. म्हणून एका साध्या कारागिराचे चरित्र आज आपणापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतात अलांसों नावाचे लहानसे नगर आहे, तेथील हे एक घड्याळजी. त्यांचे नाव लुई मार्तें. बाल येशूच्या संत तेरेजेचे पिते म्हणून आपण त्यांना ओळखतो. तथापि एवढीच ओळख पुरेशी नाही, असे आम्हांस वाटते.

लुई यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी बोर्दो शहरी एका सैनिकाच्या घरी झाला. घड्याळाची कला ते रेन व स्ट्रासबूर्ग येथे शिकले. त्या कलेस तीक्ष्ण दृष्टी, स्थिर हात आणि शांत मन ही तीन्ही लागतात; चाकाचा एक दात झिजला तरी सारे यंत्र खोटी वेळ सांगू लागते. बावीस वर्षांचे असता, १८४५ साली, ते आल्प्स पर्वतावरील संत बर्नार्डच्या मठात प्रवेश मागावयास गेले. लॅटिन भाषा येत नाही म्हणून त्यांना परत फिरावे लागले. त्यांनी त्या भाषेचा अभ्यास आरंभिला, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. शेवटी १८५० साली अलांसों येथे त्यांनी घड्याळांचे दुकान मांडले व पुढे त्यास जवाहिराची जोड दिली. मठाचे दार बंद झाले म्हणून त्यांनी देवाशी रुसवा धरला नाही. दुकानाचे दार उघडून तेथेच त्याची सेवा केली.

रविवारी मात्र ते दार बंद असे. सणावारी खेड्यापाड्यांतून येणारी मंडळी दागिने घ्यावयास याच दिवशी येत; निदान बाजूचे दार तरी उघडे ठेवा, असे मित्र सुचवीत. लुई यांनी ते मानिले नाही. घराची भरभराट ही रविवार पाळल्याचेच फळ आहे, असे त्यांच्या पत्नीने आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे.

या पत्नी म्हणजे झेली गेरें. १८५८ च्या जुलै महिन्यात उभयतांचा विवाह झाला. झेलीबाई स्वतः मोठ्या कसबी होत्या. अलांसोंची सुईने विणलेली लेस जगप्रसिद्ध आहे. तिचा एक चौरस सेंटिमीटर तयार होण्यास सुमारे सात तास लागतात. अनेक बायका आपापल्या घरी तुकडे विणीत आणि झेलीबाई ते असे जोडीत की सांधा दिसू नये. हा व्यवसाय वाढला तेव्हा, १८७० साली, लुई यांनी आपले दुकान भाच्यास विकले व पत्नीच्या धंद्याचा हिशेब आणि विक्री यांचा भार उचलला. पुरुषाने पत्नीच्या कामात दुय्यम होऊन राबावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

प्रभूने त्यांना नऊ अपत्ये दिली. त्यांपैकी चार लहानपणीच गेली. उरलेल्या पाच मुलींस त्यांनी लाडकी नावे ठेविली. जवाहिऱ्याच्याच भाषेत थोरली मारी ही ‘हिरा’ आणि पोलीन ही ‘मोती’. तर धाकटी तेरेज ही त्यांची ‘छोटी राणी’. मुलींसाठी ते झोका बांधीत, गाणी म्हणत व मोठ्याने ग्रंथ वाचून दाखवीत. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीबाई कर्करोगाने निवर्तल्या, तेव्हा धाकटी तेरेज अवघी चार वर्षांची होती. मुलींस मामाचे छत्र लाभावे म्हणून लुई आपली सारी मित्रमंडळी सोडून लिझ्यो नगरी राहावयास गेले. पुढे एकामागून एक कन्या त्यांनी देवास अर्पण केल्या.

आता आमच्या सांगण्याचा गाभा आला. ज्या बुद्धीने इतकी घड्याळे नीट केली, तीच वृद्धापकाळी बिघडली. १८८८ साली ते कोणास न सांगता घरातून निघून गेले व दूर बंदरात सापडले. १८८९ च्या फेब्रुवारीत त्यांना कां शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. मुली मठात गेल्यामुळे बापास वेड लागले, असे लोक बोलू लागले. कन्यांनी ते सोसले, पण पित्याची लाज बाळगली नाही. १८९२ साली ते घरी परतले, तेव्हा पायांतील शक्ती गेली होती. सेलीन हिने अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. २९ जुलै १८९४ रोजी त्यांनी देह ठेविला.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली या दांपत्यास एकाच वेळी संतपद दिले. पतिपत्नींस असे एकत्र संतपद लाभण्याचा हा पहिलाच प्रसंग. ख्रिस्तसभेने त्यांचे दुकान, त्यांचा संसार आणि तो इस्पितळातील काळ, यांपैकी काहीही झाकून ठेविले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतही असे वृद्ध आहेत. ज्यांनी दारे बसविली, कपडे शिवले, होड्या बांधल्या, त्यांना आज मुलाचे नावही आठवत नाही. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसविण्याचा मोह होतो. तसे करू नका. त्यांना बाहेर आणून बसवा, त्यांच्या हातांनी काय काय घडविले ते नातवंडांस दाखवा व पवित्र मिस्सेस त्यांना हात धरून आणा. घड्याळ थांबले तरी घडविणाऱ्याची कारागिरी त्यात असतेच.

नासरेथच्या सुताराच्या घरी वाढलेला प्रभू आपल्या सर्व कारागिरांस व त्यांच्या कुटुंबांस आशीर्वाद देवो, हीच आमची प्रार्थना.